पाण्याखालचा पाया

कॅनडा देशाच्या पश्चिम भागात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. रॉकी पर्वतात उगम पावलेली बो नदी ह्या प्रांतातून वाहते आणि कॅल्गरी ह्या मोठ्या शहराच्या मधून पुढे जाते. एरवी ह्या नदीचे पाणी थंड व नितळ असते. परंतु २०१३ सालच्या जून महिन्यात तिने निराळेच रूप धारण केले. पर्वताच्या उतारांवर मुसळधार पाऊस कोसळला. त्याच्या जोडीला वितळणाऱ्या बर्फाचे पाणी आले, आणि २० व २१ जून रोजी बो नदीला प्रचंड पूर आला. कॅल्गरीतील सखल वस्त्यांत पाणी शिरले. हजारो लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी घरे सोडावी लागली.

काही दिवसांनी पाणी उतरू लागले. लोक परत येऊन घरांतील चिखल उपसू लागले. मोठे संकट टळले, असे सर्वांना वाटू लागले. अशा वेळी, २७ जून रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास, एक लांबलचक मालगाडी बो नदीवरील बॉनीब्रूक नावाच्या रेल्वेपुलावरून जात होती. गाडीचा पुढचा भाग पलीकडे गेला असताना पुलाचा एक खांब खाली खचला. खांबावर टेकलेल्या लोखंडी तुळया वाकल्या, रूळ तिरपे झाले आणि मालाच्या डब्यांपैकी, म्हणजे वाघिणींपैकी, सहा वाघिणी रुळांवरून घसरून मोडक्या पुलावर तशाच अडकून राहिल्या. त्या टाकीच्या वाघिणी होत्या. त्यांतील बहुतेकांत खनिज तेलापासून काढलेला, चटकन पेट घेणारा द्रव भरलेला होता. खाली पुराचे पाणी वेगाने धावत होते, आणि पूल हळूहळू आणखी खचत चालला होता.

आता ह्या टाक्या नदीत कोसळल्या तर काय होईल, ह्या विचाराने सर्वांच्या काळजाचा ठोका चुकला. आसपासच्या भागातील लोकांना दूर हलवण्यात आले. वाघिणी वाहून जाऊ नयेत म्हणून त्या जाड पोलादी दोरांनी एकमेकींस बांधण्यात आल्या. तेल सांडलेच तर ते अडवावे म्हणून नदीच्या खालच्या अंगास तरंगते अडसर टाकण्यात आले. मग टाक्यांतील द्रव पंपांनी दुसऱ्या वाघिणींत काढून घेण्यात आला आणि रिकाम्या झालेल्या वाघिणी सावकाश ओढून बाहेर काढण्यात आल्या. तेल नदीत सांडले नाही व कोणासही इजा झाली नाही, ही मोठ्या भाग्याची गोष्ट होय.

परंतु एक प्रश्न सर्वांच्या मनात राहिला. हा पूल असा एकाएकी का खचला? त्याची देखभाल करणाऱ्या माणसांनी हयगय केली होती काय?

चौकशीत जे दिसून आले ते विचार करण्यासारखे आहे. पूल सुमारे शंभर वर्षांचा जुना होता, पण गाडी त्याला जड झाली होती असे नव्हे. पूर आल्यापासून ह्या पुलाची अठरा वेळा पाहणी करण्यात आली होती, असे रेल्वे कंपनीने सांगितले. पाहणी करणाऱ्यांनी रूळ पाहिले, तुळया पाहिल्या, पाण्याच्या वर दिसणारे खांब पाहिले. सर्व काही ठीक होते. फक्त एक गोष्ट त्यांना पाहता आली नव्हती. पाणी गढूळ होते व त्याची ओढ इतकी जबर होती, की पाणबुड्यांना खाली उतरवणे शक्य नव्हते. आणि नेमके तेथेच, पाण्याखाली, खांबाच्या पायाशी नदीने आपले काम केले होते. खांबाखालची जमीन तिने उकरून नेली होती. अठरा वेळा डोळ्यांनी पाहिलेला पूल न दिसणाऱ्या जागी पोकळ झाला होता.

नदी खांबाखालची जमीन उकरते म्हणजे काय करते, हे समजणे कठीण नाही. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत उभे राहिले असता लाट पायांवरून परत जाते, तेव्हा टाचांखालची वाळू सरकून जाते आणि पाय आपोआप खाली रुततात. आपण जागचे हललेले नसतो, पण आपल्या पायाखालचा आधार निघून गेलेला असतो. ओढ्याच्या वाळूत घट्ट बसलेल्या मोठ्या दगडाकडे पाहावे. पाणी ज्या बाजूने येते, त्या बाजूस दगडाच्या बुडाशी एक खळगा पडलेला दिसतो. तो कोणी खणलेला नसतो. तो पाण्याने खणलेला असतो.

पुलाच्या खांबाशीही हेच घडते. सरळ वाहत येणारे पाणी खांबावर आदळते. त्याला पुढे जाण्यास वाट नसते, म्हणून त्यातील काही पाणी खांबाच्या अंगावरून थेट खाली उतरते आणि तळावर आघात करते. तेथे त्याचा भोवरा बनतो. हा भोवरा खांबाच्या पुढून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी मागे वळतो. वरून पाहता आले, तर त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा दिसेल. सुताराचा सामता जसा फिरत फिरत लाकडात शिरतो, तसा हा भोवरा तळातील वाळू व गोटे उचलून प्रवाहात फेकीत खोल खोल उतरतो. शिवाय खांबांमुळे नदीची रुंदी थोडी कमी झालेली असते. तेवढेच पाणी अरुंद वाटेने जावयाचे, म्हणून त्याचा वेग तेथे वाढतो.

वेग वाढला की पाण्याची शक्ती किती वाढते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा जोर चौपट होतो. एवढेच नव्हे, तर जो प्रवाह एक किलो वजनाचा गोटा ढकलू शकतो, तोच दुप्पट वेगाने वाहू लागल्यास स्थूलमानाने चौसष्ट किलो वजनाचा धोंडा ढकलू शकतो. उन्हाळ्यात ज्या नदीत मुले डुंबतात, तीच नदी पावसाळ्यात मोठमोठ्या शिळा गडगडत नेते, त्याचे कारण हेच.

ह्या गोष्टीत आणखी एक फसवणूक दडलेली आहे. पूर जोरात असतो, तेव्हा खांबाशी खोल खड्डा पडतो. मग पूर ओसरू लागतो, पाण्याचा वेग मंदावतो, आणि वरून वाहत आलेली वाळू व गाळ त्याच खड्ड्यात बसू लागतो. काही दिवसांनी तळ पूर्वीसारखा सपाट दिसतो. पण तो पूर्वीसारखा नसतो. शेकडो वर्षे दबून घट्ट झालेली जमीन निघून गेलेली असते आणि तिच्या जागी नुकताच पडलेला भुसभुशीत गाळ आलेला असतो. त्याच्यात खांबाला पेलण्याची ताकद नसते. म्हणून पाणी उतरले की धोकाही उतरला, असे मानणे चुकीचे आहे. बो नदीचा पूर २१ जूनच्या सुमारास शिगेला पोचला होता, आणि पूल खचला तो २७ जूनला, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या देशाला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९५६ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी आजच्या तेलंगणातील महबूबनगरजवळ पूल कोसळून एका प्रवासी गाडीला अपघात झाला व शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्या वेळी लालबहादूर शास्त्री हे रेल्वेमंत्री होते. अपघाताची नैतिक जबाबदारी आपली आहे, असे म्हणून त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा पुढे केला, पण पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तो स्वीकारला नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी आजच्या तमिळनाडूतील अरियलूरजवळ मरुदैयारू नदीला पूर आला. पुराने तेथील पुलाचा आधार वाहून नेला होता. पहाटेच्या अंधारात तुतिकोरिनकडे जाणारी एक्सप्रेस गाडी त्या पुलावर आली आणि इंजिनासह काही डबे नदीत पडले. सुमारे दीडशे माणसांना प्राण गमवावे लागले. शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला, आणि ह्या वेळी तो स्वीकारण्यात आला. शास्त्रीजींनी तो पूल बांधला नव्हता, किंवा गाडीही चालवली नव्हती. तरीसुद्धा आपल्या हाती सोपवलेल्या कामाचा जो भाग आपल्या डोळ्यांआड आहे, त्यालाही आपणच जबाबदार आहोत, असे त्यांनी मानले.

न दिसणाऱ्या ह्या शत्रूशी अभियंते कसा सामना करतात? त्यांचा पहिला उपाय म्हणजे पाया पुरेसा खोल नेणे. जेथे जवळ खडक लागतो, तेथे खांब खडकात रोवला जातो. पण गंगा-यमुनेसारख्या नद्यांच्या पात्रांत कितीही खणले तरी वाळूच लागते. अशा ठिकाणी विहिरीचा पाया घेतात. ही आपल्या देशातील जुनी विद्या आहे. आग्र्याच्या ताजमहालाची यमुनेकाठची बाजूही अशाच विहिरींच्या पायावर उभी आहे. ह्या पद्धतीत प्रथम पात्रावर एक भक्कम गोल कडे ठेवतात व त्याच्यावर विहिरीची भिंत रचतात. मग आतील वाळू उपसून काढतात. वाळू निघाली की ती विहीर स्वतःच्याच वजनाने खाली बसते. वरून भिंत वाढवावी, आतून वाळू काढावी, असे करीत करीत ती पुष्कळ खोल नेली जाते. शेवटी तिच्या तळाशी काँक्रीट भरून ती बंद करतात आणि तिच्यावर पुलाचा खांब उभारतात.

पण खोल म्हणजे किती खोल? हा अंदाज चुकला, तर सारेच व्यर्थ. जेराल्ड लेसी ह्या अभियंत्याने १९३० च्या सुमारास भारतातील कालव्यांचा अभ्यास करून, वाहत्या पाण्याचे प्रमाण व तळाच्या वाळूचा प्रकार यांवरून प्रवाह तळ किती खोल करील, हे काढण्याचे एक सूत्र मांडले. पुढे पुण्याजवळ खडकवासला येथील जलसंशोधन केंद्रात क्लॉड इंग्लिस यांनी नद्यांच्या व पुलांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून पाहिले. निरनिराळ्या नद्यांवरील प्रत्यक्ष पुलांपाशी केलेली मोजमापेही त्यांनी जमा केली. तेव्हा असे आढळले, की लेसीच्या सूत्राने जेवढी खोली येते, तिच्या जवळजवळ दुप्पट खोल खड्डा खांबाच्या नाकाशी पडतो. ह्या दुप्पट खोलीच्याही आणखी एक तृतीयांश खाली पाया गेला पाहिजे, असा नियम आपल्या अभियंत्यांनी ठरवला. म्हणजे पुराच्या पातळीपासून पंधरा मीटर खोलपर्यंत तळ उकरला जाईल असा हिशेब आला, तर पाया वीस मीटर खोल न्यावयाचा. हे शेवटचे पाच मीटर नदीच्या हाताला लागू नयेत, एवढ्यासाठीच असतात. पूल उभा राहतो तो त्यांच्याच भरवशावर.

दुसरा उपाय म्हणजे खांबांभोवती व काठांवर मोठमोठ्या दगडांचा भराव घालणे. वाळू वाहून गेली, तरी हे जड धोंडे खड्ड्यात घसरून बसतात आणि नदीचा घाव स्वतःवर घेतात. परंतु दरवर्षीच्या पुरात त्यांतील काही धोंडे निघून जातात. म्हणून पावसाळा संपला की त्यांची मोजदाद करून नवी भर घालावी लागते.

तिसरा उपाय म्हणजे सावधपणा. रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर रंगाने रेघा ओढलेल्या असतात. त्यांतील एक रेघ धोक्याची पातळी दाखवते. आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी व त्याचे सालही तेथे नोंदलेले असते. गाडीतून जाताना आपल्याला त्या रेघा शोभेच्या वाटतात, पण पावसाळ्यातील रात्री त्याच रेघांवर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात. पावसाळ्यात रेल्वेचे गस्तवाले हातात बत्ती घेऊन भर पावसात आपापल्या हद्दीतील रूळ चालत तपासतात. धोका दिसला, तर ते लाल बत्ती दाखवून व रुळावर इशाऱ्याचे फटाके लावून गाडी थांबवतात. कोकण रेल्वेच्या मार्गावर काळ, सावित्री व वाशिष्ठी ह्या नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रे बसवलेली आहेत. पाणी धोक्याच्या पातळीकडे चढू लागले, की त्याची वर्दी संबंधित अधिकाऱ्यांना मिळते. जोराच्या पावसात समोरचे नीट दिसेनासे झाले, तर गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत कमी करण्याची चालकांना सूचना असते. गाडीला उशीर झाला म्हणून प्रवासी कुरकुरतात, पण तो उशीर त्यांच्याच रक्षणासाठी असतो.

चौथा उपाय नव्या विद्येने दिला आहे. जेथे डोळे पोचत नाहीत, तेथे आवाज पोचतो. पाण्यात ध्वनीच्या लहरी सोडल्या, की त्या तळावर आपटून परत येतात. त्यांना परत येण्यास किती वेळ लागला, ह्यावरून तळ किती खोल आहे हे समजते. ज्या गढूळ व वेगवान पाण्यात पाणबुड्या उतरू शकत नाही, तेथेही ह्या लहरींच्या साहाय्याने खांबाजवळचा खड्डा मोजता येण्याचा संभव असतो. खांब केसभर जरी कलला, तरी ते कळवणारी यंत्रेही निघाली आहेत. मात्र यंत्र असो वा नसो, तळाची खात्री होत नाही तोवर पुलावर गाडी सोडावयाची नाही, हा निश्चय माणसालाच करावा लागतो. त्यासाठी गाड्या खोळंबतात, माल अडकून पडतो, नुकसान सोसावे लागते. पण बॉनीब्रूकच्या पुलावर लटकलेल्या त्या सहा वाघिणींनी असे दाखवून दिले, की जे पाहता आले नाही ते ठीकच असेल असे समजणे, हे त्याहून महाग पडू शकते.

पूल पाहताना आपली नजर त्याच्या उंच कमानींवर आणि भक्कम तुळयांवर जाते. त्याचे कौतुकही त्यांच्यासाठीच होते. पण पुलाचा खरा भार ज्याच्यावर असतो, तो पाया पाण्याखाली, चिखलात, अंधारात उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. नदी मात्र त्याला कधी विसरत नाही. ती रात्रंदिवस त्याची परीक्षा घेत असते. म्हणून पुलाची काळजी घेणाऱ्याने दिसणाऱ्या भागापेक्षा न दिसणाऱ्या भागाची चिंता अधिक करावी लागते. माणसाच्या कोणत्याही मोठ्या कामाचे असेच असते. ते वरून किती देखणे आहे ह्यापेक्षा खालून किती पक्के आहे, ह्यावरच त्याचे आयुष्य ठरते.

स्वाध्याय

१. बॉनीब्रूक पुलाची अठरा वेळा पाहणी होऊनही धोका का लक्षात आला नाही?
२. पूर ओसरल्यावरही पुलाला धोका असतो, हे सकारण स्पष्ट करा.
३. विहिरीचा पाया कसा घालतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘शास्त्रीजींनी तो पूल बांधला नव्हता’, तरी त्यांनी राजीनामा का दिला? तुमचे मत लिहा.
५. एका पसरट ताटात वाळू पसरून तीत पेन्सिलीचा तुकडा उभा रोवा. एका बाजूने पाण्याची बारीक धार सोडा. पेन्सिलीच्या बुडाशी काय होते, त्याचे निरीक्षण करून पाच-सहा वाक्ये लिहा.